खड्ड्यातला ऑर्गन आणि टांगलेले माइक

झाडीपट्टीतल्या नाटकाचं तिकीट घेण्याआधी मंडपात डोकावून तबलजीजवळचे तबले मोजा. डग्गा एकच पुरतो. तबले दोन दिसले तर रात्र बरी जाईल, तीन दिसले तर निर्धास्त पुढची जागा पकडा. तबला एकाच सुराला लावलेला असतो. नायक पेटीच्या काळी एक-दोन पट्टीत गातो, नायिकेची पट्टी काळी चार-पाचला जाते, आणि दोघांची गाणी एकामागोमाग येतात. एकाच तबल्यावर भागवणारा वादक मग अर्धी रात्र बेसूर वाजवतो, नाहीतर गाणं उभं राहिल्यावर हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत, सूर लावत बसतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर जी नाटकं सुरू होतात आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतात, त्यांचं हे परीक्षण. तेही फक्त संगीताच्या बाजूने. कथानकावर, रडवणाऱ्या प्रवेशांवर आणि विनोदी पात्राच्या चाळ्यांवर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर भरपूर चर्चा होते. खड्ड्यातल्या माणसांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि पोस्टरवर अजूनही मोठ्या अक्षरात ‘संगीत तीन अंकी’ असं छापलेलं असतं.

खड्डा म्हणजे खराच खड्डा. रंगमंचाच्या पुढ्यात, बसलेल्या वादकाचं डोकं मंचाच्या काठाशी येईल एवढा खोल. त्यात ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रमचे पॅड वाजवणारा) आणि नटांना वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टर दाटीवाटीने बसतात. ऑर्गन हे नाव पायपेटीच्या काळापासून चालत आलं. आता बहुतेक ठिकाणी कीबोर्डच असतो, पण वाजवणारा ऑर्गनवालाच. ही बैठक जुनी असली तरी अगदी व्यवहारी आहे. वादकाची मान वर केली की नटाचे ओठ दिसतात, प्रॉम्प्टरची वही कोपराशी असते, आणि गायकाला पेटीचा सूर थेट समोरून, कुठल्याही स्पीकरच्या आधी मिळतो. मॉनिटर स्पीकर नसतानाही गायक सुरात राहतो तो त्यामुळे. खड्डा न करता वादकांना मंचाच्या बाजूला विंगेत बसवलं, की पहिल्याच पदात फरक कळतो: गायक अर्धी मात्रा मागे पडतो आणि तबलजी त्याला ओढत नेतो.

इथले कलाकार ‘नाइट’वर काम करतात. आज एका कंपनीत, उद्या दुसरीत, आणि तालमी जवळपास नाहीतच. म्हणून प्रॉम्प्टर हा नाटकाचा कणा, आणि ऑर्गनवाला त्याचा जोडीदार. नट वाक्य विसरला, एन्ट्री चुकली, पडद्याची दोरी अडकली, की मधला वेळ पेटीने भरून काढायचा असतो. चांगला ऑर्गनवाला पुढच्या पदाचाच राग हळूच धरून ठेवतो, म्हणजे गायक आला की सूर तयार. कच्चा वादक सिनेमातली तीच ती करुण धून दहा वेळा फिरवतो. कीबोर्डचा एक खास घोळही ऐकायला मिळतो. पट्टी बदलायला त्यावर ट्रान्सपोजचं बटण असतं. नायिकेच्या गाण्यासाठी ते चढवलं आणि पुढे नायकासाठी उतरवायचं राहिलं, की बिचारा वरच्या षड्जाला पोहोचेपर्यंत शिरा ताणतो. प्रेक्षक हसतात ते नटाला. चूक मात्र खड्ड्यातली असते.

आता माइक. मंचाच्या पुढच्या भागावर दोन-चार माइक वरून वायरने टांगलेले असतात आणि नट त्यांच्याखाली येऊन बोलतो, गातो. नवख्याला हे विचित्र वाटतं, पण हात मोकळे राहतात आणि दहा पात्रांत तीन माइक पुरतात. किंमत मोजावी लागते ती आवाजाच्या चढउतारात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की माइकला मिळणारा थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो. दोन फुटांवरचा गायक एक पाऊल मागे सरकला, तरी पदाचा शेवटचा शब्द हरवतो. मुरलेले नट गाताना माइकखालची जागा सोडत नाहीत आणि ताना घेताना मान किंचित वळवतात. त्यांचं हे कसब बघण्यासारखं आहे. ऑपरेटर मात्र गेलेला शब्द पकडायला आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. मुख्य स्पीकर माइकच्या रेषेपुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून असायला हवेत. जागा वाचवायला ते मंचाच्या कडेला, माइकच्या मागे लावले असतील, तर रात्रभर शिट्टी ऐकायची तयारी ठेवा. आत शिरतानाच हे दिसतं.

बसायची जागा: खड्ड्यापासून तिसरी-चौथी ओळ, मध्यापासून जरा तबल्याच्या बाजूला. तिथे तबल्याचा खरा आवाज आणि स्पीकरचा आवाज दोन्ही मिळतात. पहिली ओळ महागाची, पण स्पीकरच्या तोंडाशी येते. शिवाय मान दुखते. अगदी मागे बसणाऱ्यांची वेगळीच गंमत. मंडप लांब असला की काही साऊंडवाले मागे अजून एक जोडी लावतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटरवर बसलेल्याला मंचाजवळचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो आणि मागचा स्पीकर त्याआधीच बोलून मोकळा झालेला असतो. शब्द दुहेरी होतात, तबल्याचा ‘ना’ दोनदा पडतो. खुर्ची मिळाली म्हणून तिथे बसू नका. पुढे तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) बोरा, म्हणजे पोतं, अंथरून बसलेलं बरं. काही गावांत प्रेक्षकांची जागाच उतरती खोदतात आणि निघालेल्या मातीचा मंच करतात. अशा ठिकाणी जमिनीवरचं तिकीट हेच सगळ्यात चांगलं तिकीट.

जाहिरातीत काहीही वेळ छापलेली असो, पडदा उघडायला रात्रीचे दहा वाजून जातात. नांदी चुकवू नका. सगळ्या कलाकारांचे आवाज तेव्हा ताजे असतात आणि कंपनीने संगीतावर किती खर्च केलाय ते त्या पाच मिनिटांत कळतं. पहिला अंक ऐकायचा. दुसऱ्या अंकाच्या आगेमागे सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच वाढतात, साऊंडवाला बास चढवतो आणि खड्डा गप्प बसतो. झोप काढायची असेल तर हीच वेळ. पहाटे तिसऱ्या अंकात पुन्हा पदं येतात. त्या वेळी दव पडलेलं असतं, कातडं ओलावा धरून सैल होतं आणि तबला उतरतो. जाणता तबलजी अंक सुरू व्हायच्या आधीच तो चढवून ठेवतो.

या नाटकांवर खरी तक्रार एकच: मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हा आयोजकांचा गैरसमज. ऑक्टोपॅड आल्यापासून तो वाढला. त्याचा एक पॅड तबल्याच्या दहा बोलांना गाडून टाकतो, आणि गायकाला ओरडण्यावाचून पर्याय राहत नाही. जिथे मिक्सर खड्ड्याजवळ आणि ऑपरेटर प्रेक्षकांच्या बाजूला तोंड करून बसतो, तिथे हे कमी घडतं. मंचामागे, जनरेटरशेजारी बसलेल्या ऑपरेटरला पुढे काय ऐकू येतंय याचा पत्ताच नसतो. दुसरीकडे, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई करतात. राज्य सरकारला वर्षात फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. रात्रभराच्या नाटकाच्या मानेवर ही टांगती तलवार असतेच. परवानगीचं काय, ते आयोजकांना आधी विचारावं.

नुसतं लोकसंगीत हवं असेल, तर नाटकापेक्षा मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली, खडी गंमत उजवी. भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियाकडच्या गावांत एकेका दिवशी मंडई भरते. शेजारच्या गावांच्या तारखा सहसा एकमेकींवर येत नाहीत, पाहुण्यांनाही फिरता येतं. गंमत दिवसाउजेडी, उघड्यावर, फुकट. पडदा नाही, मंच असला तर चार फळ्यांचा, आणि सगळे कलाकार उभ्यानेच. नावातला ‘खडी’ त्यावरूनच. आधी गण, मग गवळण, पुढे लावण्या आणि कथा. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज एवढाच सरंजाम. तुणतुण्याला तार एकच आणि काम एकच, षड्ज धरून ठेवायचं. बहुतेकदा ते धरणाराच झील ओढतो, म्हणजे शाहिरामागे धृपद उचलतो. म्हणून शाहिराच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा तुणतुणेवाल्याजवळ उभे राहा. सूर आणि झील दोन्ही तिथे पक्कं ऐकू येतं. दोन फड समोरासमोर असतील तर कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रंगतात. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. एकाने घातलेलं कोडं दुसऱ्याने गाण्यातच सोडवायचं. यात शब्द कळणं महत्त्वाचं, आणि मंडईचा वैरीही तोच: आकाशपाळण्याचा भोंगा, पिपाण्या आणि खेळण्यांच्या दुकानातला डीजे. दुपारी तीन ते दिवेलागण हा बरा वेळ.

डफाचं गणित तबल्याच्या उलट दिशेनेही चुकतं. दुपारच्या उन्हात कातडं ताणून आवाज टणक होतो, सूर्य कलला की ओघळतो. मग कोपऱ्यात तणसाची शेकोटी पेटते आणि डफ शेकला जातो. जाळापासून हातभर दूर, सतत फिरवत. एकाच जागी धरला तर कातडं करपून फाटतं. आयर्लंडच्या लोकसंगीतातला बाउरान हा याच घराण्यातला. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं, दमट हवेत तोही असाच सैल पडतो. फरक एवढाच की तो लहान दुतोंडी दांडीने वाजवतात आणि मागून कातड्यावर हात दाबून सूर बदलतात. त्यांची जिग सहाच्या हिशोबात चालते. दादरा डोक्यात पक्का असलेल्याला ती पहिल्या ऐकण्यात पकडता येते. पबमध्ये टेबलाभोवती बसून वाजवायची त्यांची रीतही मंडईच्या रिंगणासारखीच, वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात उंचवटा नसलेली.

पश्चिम विदर्भात राहणाऱ्यांना एवढ्या लांब यायची गरज नाही. तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, आश्विनात, खंजिरी भजनं ऐकावीत. एक खंजिरी, एक पेटी, कधी तबला, आणि मागे मंडळाचा धृपद उचलणारा आवाज. गावोगावच्या भजन स्पर्धांतही हेच ऐकायला मिळतं, फक्त वेळेची मर्यादा असल्याने मंडळं लय पळवतात. खंजिरी विकत घेणार असाल तर बकऱ्याच्या कातड्याची किंवा फायबरची घ्या. ‘घोरपडीची आहे, आवाज बघा’ असं सांगणाऱ्या दुकानातून उठून या. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि विकत घेणाराही गुन्ह्यात अडकतो.

नाटक ठरवणाऱ्या मंडळांसाठी. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात दसऱ्यानंतर नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, तिथे इसार देऊन तारीख पक्की होते. मंडळी नटांच्या नावांवर घासाघीस करतात आणि वादकांबद्दल विचारतच नाहीत. करारावर ऑर्गनवाला कोण, तबलजी सोबत किती तबले आणणार, साऊंड कंपनीचा की गावाचा, हे लिहून घ्या. साऊंड गावाचा असेल तर संध्याकाळी पाचच्या आत उभा करा आणि एका पोराला माइकखाली उभं करून, आवाज वाढवत शिट्टी कुठे येते ते बघून ठेवा. तिथून आवाज थोडा खाली, ती रात्रीची मर्यादा. तिच्या वर कोणी हात लावायचा नाही, सरपंचांनी सांगितलं तरी. ही काटेकोरपणाची मागणी जास्त नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आहे.

ऐकणाऱ्याने सोबत कानटोपी, ब्लँकेट आणि अंथरायला बोरा घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि उघड्या शेतात तो अजून बोचतो. खायला मंडपाबाहेर आलूबोंडा, भजे, चहा रात्रभर मिळतो. मंडईत उकडलेले शिंगाडे घ्या, तलावाचा माल ताजा असतो. लघवीची सोय बहुतेक ठिकाणी शेताच्या धुऱ्यावरच. बाया-माणसांसोबत जाणार असाल तर गावात ओळखीचं घर आधी बघून ठेवा. वडशाला गोंदिया–बल्लारशाह मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, ब्रह्मपुरीकडून येणाऱ्यांना वैनगंगा ओलांडली की वडसा. तिथून पुढच्या गावांना मात्र स्वतःची गाडी लागते.

आणि पहाटे नाटक सुटलं की लगेच दुचाकीला किक मारू नका. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा, सगळीकडे जंगलाचे रस्ते आहेत आणि वाघ त्याच वेळी रस्त्यावर असतो. उजाडेपर्यंत मंडपातच थांबा. खड्ड्यातली मंडळी तेव्हा वायरी गुंडाळत असतात. आज रात्री त्यांचं नाटक कुठे आहे, ते त्यांनाच विचारून घ्या. कंपनीच्या नावामागे जाण्यापेक्षा चांगल्या ऑर्गनवाल्याच्या मागे गेलेलं परवडतं.