पत्त्यांची हातचलाखी शिकायची तर कुठलं पुस्तक घ्यावं?

मालवणात माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. वह्या-पेनं चालतातच, पण मे महिन्यात आणि चतुर्थीच्या आठवड्यात पत्त्यांचे जोड जेवढे खपतात तेवढं दुसरं काही खपत नाही. मी गल्ल्यावर बसून रिकाम्या वेळात पत्त्यांशी खेळत असतो हे गावात सगळ्यांना माहीत. त्यामुळे वर्षातून दोन-चार जण तरी विचारतातच, "काका, जादू शिकायचीय, पुस्तक कुठलं घेऊ?" यंदा माझ्या भाच्यानेही विचारलं. तो नववीत आहे, हात लहान, धीर त्याहून लहान. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

मी तीन पुस्तकांवर हात घासलेत. पहिलं कार्ल फुल्व्ह्जचं 'सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स', १९७६ सालचं, त्यात ७२ जादू आहेत. दुसरं ह्युगार्ड आणि ब्राऊ या जोडीचं 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक', १९४० च्या दशकाच्या अखेरीचं. तिसरं एर्डनेझचं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल', १९०२ मध्ये शिकागोत छापलेलं. तिन्ही इंग्रजीत आहेत. मराठीत एसटी स्टँडवर मिळणाऱ्या पातळ पुस्तिका मीही घेतल्या होत्या. त्यांत दोरा, लिंबू, शाई असलं बरंच होतं, पत्त्यांना जेमतेम चार पानं, आणि एका पुस्तिकेत तर चित्र एका जादूचं नि मजकूर दुसऱ्याच.

पुस्तकांत फरक कुठे पडतो ते एका जादूवर दाखवतो. एकवीस पानांची जादू कोकणात न येणारं पोर विरळा. सात-सात पानांच्या तीन रांगा, मनात एक पान धरा, कुठल्या रांगेत आहे सांगा, ती रांग मध्ये घालून गोळा करा. असं तीनदा केलं की धरलेलं पान वरून अकरावं येतं. हाताला काही यावं लागत नाही, गणित आपलं काम करतं. फुल्व्ह्जच्या पुस्तकाचं तत्त्व हेच, फक्त जादू पुष्कळ सरस. पण या एकवीस पानांत मोजून बघा, ६३ वेळा पान खाली ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात समोरचा माणूस उठून पाणी पिऊन येतो. अशी आपोआप होणारी, म्हणजे स्वयंचलित जादू सोपी की अवघड हे बघू नका. लोकांना किती वेळ नुसतं बघत बसावं लागतं आणि पानं मांडण्याला काही कारण दिसतं का, ते बघा. पॉल करीची १९४२ सालची जादू घ्या. त्यात प्रेक्षक स्वतः, पानं पालथी असताना, लाल आणि काळी वेगळी करत जातो. तीही हातचलाखीशिवाय होते, पण तिथे पान ठेवणारा प्रेक्षकच असतो, म्हणून कुणाला कंटाळा येत नाही.

पहिल्या दोन महिन्यांसाठी फुल्व्ह्जचं पुस्तक उत्तम, असं माझं मत आहे. बोटं अजून कच्ची असताना पोराला लोकांसमोर बोलायची सवय लागते. हात थरथरला तरी जादू फसत नाही. तोटा एकच, पण मोठा. हातात काहीच येत नाही. ७२ च्या ७२ पाठ करूनही पत्ते पिसताना तुम्ही आधीसारखेच पिसणार.

'रॉयल रोड'ची मांडणी उलटी आहे. प्रत्येक प्रकरणात एक हातचलाखी, आणि लगेच तिच्यावर चालणाऱ्या जादू. म्हणजे आज जे शिकलात ते आज संध्याकाळी दाखवता येतं. एकेकटा शिकणाऱ्याला हा मोठा आधार आहे. पण पहिलंच प्रकरण पत्ते पिसण्याचं, आणि पिसायची पद्धत तिकडची. गठ्ठा आडवा, त्याची लांब कड वर, आणि डाव्या अंगठ्याने थोडी थोडी पानं ओढून घ्यायची. मी तीन आठवडे घासून ती शिकलो आणि आमच्या ओटीवर बसून दाखवली. पहिल्याच पिसण्याला शेजारचे अण्णा म्हणाले, "हां काय रे नवीन? नीट पीस मरे." झालं, सगळ्यांचं लक्ष माझ्या हातावर, आणि हातचलाखीला नेमकं तेच नको असतं.

आपल्याकडे मेंढीकोट असो नाहीतर बदाम सत्ती, बहुतेक जण पत्ते कसे पिसतात? गठ्ठा उजव्या हातात मागच्या टोकाला धरायचा आणि डाव्या बोटांनी वरून छोटे छोटे गठ्ठे तळहातावर खेचत जायचं. इंग्रजी जादूच्या पुस्तकांत या पद्धतीला 'हिंदू शफल' असं नावच आहे, आणि 'रॉयल रोड'मध्येही ती दिलीय, पण फार पुढे, पुस्तकाच्या उत्तरार्धात. तिथल्या वाचकाला ती परदेशी चीज वाटते. आपल्याला ती जन्माची सवय. मग पुस्तक छापलंय त्याच क्रमाने वाचायचं कशाला? मी भाच्याला सांगितलं, तू तिथूनच सुरू कर.

ती चाल जवळून कशी दिसते ते सांगतो, म्हणजे पुस्तकातला परिच्छेद कसा वाचायचा तेही कळेल. पिसता पिसता थांबायचं, प्रेक्षकाचं पान डाव्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवून घ्यायचं. उजवा गठ्ठा त्याच्यावर आणताना उजवा अंगठा आणि मधलं बोट खालच्या गठ्ठ्याची वरची तीन-चार पानं चिमटीत उचलतात, पण वरच्या गठ्ठ्यात आणि या पानांत केसाएवढी फट राहते. मग पिसणं चालू, वरून पानं उतरत राहतात, फटीपर्यंत आलं की उरलेली तीन-चार पानं एका दमात वर टाकायची. प्रेक्षकाचं पान आता सगळ्यात वर. पुस्तकात याला आठ-दहा ओळी लागतात. पहिल्यांदा वाचताना काही कळत नाही, कारण आपण वाचतो आणि हात रिकामे असतात. पत्ते हातात घेऊन एक वाक्य, थांबा, करा, मग दुसरं वाक्य. माझी पहिली दोन प्रकरणं गल्ल्यावर, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात अशीच झाली.

पुस्तकातली जादू घ्यावी की सोडावी हे ठरवताना लोक सुरुवातीचा, प्रेक्षकांना काय दिसतं तो परिच्छेद वाचून भुलतात. तो परिच्छेद नेहमीच झकास असतो, लग्नाच्या स्थळाच्या माहितीसारखा. मी आधी वाचतो ती बसायची व्यवस्था. ही पुस्तकं लिहिली गेली तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टेबल होतं, खुर्ची होती, आणि प्रेक्षक समोर. आमच्याकडे चतुर्थीला भजन आटोपलं, उसळ-पाव झाला, की सतरंजीवर गोल बसतात. दोघं-तिघं पाठीमागे उभे, पोरं खांद्यावरून डोकावतात. तळहातात पान लपवायची चाल समोरच्याला दिसत नाही, पण पाठीमागच्या पोराला सगळं दिसतं आणि ते गप्प बसत नाही. म्हणून तळहाताचं प्रकरण मी निम्मं सोडून दिलंय. मांडीवर पान टाकायच्या ज्या चाली खुर्चीत बसलेल्या माणसासाठी आहेत, त्या मांडी घालून बसणाऱ्याच्या काही कामाच्या नाहीत.

दुसरी गोष्ट हवा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पापड, बिस्किटं, पुस्तकं आणि पत्ते सगळे सारखेच मऊ पडतात. कागदी पत्ते दमटपणाने फुगून एकमेकांना चिकटतात. दोन वर्षांपूर्वी मी ऐन चतुर्थीत, वर येणाऱ्या पानाची जादू दाखवत होतो, म्हणजे पान गठ्ठ्यात मध्ये घातलं तरी पुन्हा वर येतं ती. दोन पानं एक म्हणून उचलायची, त्यासाठी आधी करंगळीने दोन पानांखाली फट धरून ठेवायची. त्या रात्री फट दोनाऐवजी तिनाखाली पडली, आणि उलटताना तिसरं पान अर्धं बाहेर आलं. मावशी पदराने घाम पुसत होती, ती तशीच म्हणाली, "रे झिला, एक नाय, तीन पानां आसत ती." मी तोवर दोन महिने घरी ही चाल सफाईने करत होतो, पण पंख्याखाली आणि एप्रिलमध्ये.

त्यावरून पत्त्यांबद्दल दोन शब्द, कारण पुस्तक घेणारा पत्ते कुठले हे विचारायचं विसरतो. इंग्रजी पुस्तकं ज्या मापाचे पत्ते गृहीत धरतात ते साधारण अडीच इंच रुंद. आपल्या बाजारात मिळणारे बरेचसे जोड सव्वादोन इंचांचे, लांबी तीच. लहान हाताला अरुंद पत्ते सोयीचे, म्हणजे भाच्याला हे बरंच झालं. अमेरिकेतल्या बायसिकल पत्त्यांना मागच्या बाजूला पांढरी किनार असते, त्यामुळे गठ्ठ्यात एखादं पान उलटं फिरवून ठेवलं तरी कडेला चट्कन कळत नाही. किनारीशिवाय कडेपर्यंत छापलेल्या पत्त्यांवर हीच चाल उघडी पडते. पावसाळ्यात मी पूर्ण प्लास्टिकचे वापरतो. ते निसरडे असतात, पण फुगत नाहीत. आणि सावंतवाडीचा गंजिफा सुंदर असला तरी यासाठी घेऊ नका. एका गिऱ्हाइकाने खरंच विचारलं होतं म्हणून सांगतो. दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची, प्रत्येकी बारा, अशी १२० पानं असतात, आणि ती गोल. पुस्तकातली निम्मी हातचलाखी पानाचा कोपरा आणि आखूड कड यांच्यावर उभी आहे. गोल पानाला यातलं काहीच नाही.

आता एर्डनेझ. हे पुस्तक घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, कारण त्याच्याभोवती दंतकथा आहेत. एर्डनेझ हे टोपणनाव, खरा माणूस कोण हे अजूनही निश्चित झालेलं नाही. प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की त्याला पैशांची गरज आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पुस्तकाचा मोठा भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा, जादू नंतर. डाय व्हर्नन या जादूगाराने ते लहानपणापासून घोकलं. त्याच व्हर्ननने १९२२ मध्ये शिकागोत, कुठलीही जादू तीनदा बघितली की ओळखतो असं म्हणणाऱ्या हुडिनी या नामांकित जादूगाराला वर येणाऱ्या पानाच्याच जादूने चकवलं. हे वाचून माणूस पुस्तक घेतो आणि विसाव्या पानावर थांबतो. इंग्रजी शंभरेक वर्षांपूर्वीचं, वाक्यं लांबलचक, सुरुवातीच्या माणसाला काही पायरी-पायरीने शिकवायचा लेखकाचा विचारच नाही. मी ते दोनदा सुरू केलं, दोनदा कपाटात ठेवलं, तिसऱ्यांदा पाच वर्षांनी उघडलं तेव्हा कुठे गोडी लागली. 'रॉयल रोड' निम्म्याहून जास्त झाल्याशिवाय घेऊ नका. घ्यायचंच तर जुनं असल्यामुळे फुकट उपलब्ध आहे, पैसे घालू नका.

मार्क विल्सनचा 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक' (१९७५) हाही पर्याय आहे, पण त्यात नाणी, दोरी, रुमाल असं सगळंच आहे. घरात दोन-तीन पोरं असतील आणि प्रत्येकाला वेगळं हवं असेल तर तो बरा. नुसते पत्तेच करायचे असतील तर नको.

व्हिडिओबद्दल पोरं विचारतातच. बघा, पण पुस्तकावरून चाल बसवल्यावर. आधी व्हिडिओ बघितला की करणाऱ्याचा वेग नजरेत बसतो आणि करंगळी कुठे आहे ते दिसतच नाही. पुस्तक निदान करंगळीचं नाव तरी घेतं.

म्हणून घरात नववी-दहावीचं पोर असेल, किंवा तुम्हीच नोकरी सांभाळून रोज वीस मिनिटं देणार असाल, तर आधी फुल्व्ह्ज, पण त्यातल्या पाचच जादू. महिना-दोन महिन्यांनी 'रॉयल रोड', सुरुवात आपल्या पिसण्याच्या प्रकरणापासून. पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर थेट 'रॉयल रोड', आणि पहिले काही आठवडे कुणाला काही दाखवायचं नाही. भाच्याने माझं अर्धंच ऐकलं. फुल्व्ह्ज घेतलं, पण पाचाऐवजी पंधरा जादू शिकला आणि त्यातल्या अकरा विसरला.

यंदा चतुर्थीला मावशीने माझे पत्ते हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि बाजूला ठेवले. आतून तिचा जोड घेऊन आली, डाग पडलेला, इस्पिकच्या दश्शीचा कोपरा दुमडलेला, किलवरचा गुलाम हरवला म्हणून जोकरवर पेनाने गुलाम लिहिलेला. "ह्या पानांनी करून दाखव." मी तिच्यासारखेच पत्ते पिसले आणि सुरू केलं.