ओपनएसएसएल १.१.१ वरून ३ वर: कोड जमला, लायसन्सनं घाम काढला

ओपनएसएसएल म्हणजे नेटवरचं कनेक्शन आणि डिजिटल सही यांसाठीची एन्क्रिप्शनची फुकट लायब्ररी. तिच्या १.१.१ वरून ३ वर आमचं टूल नेलं त्याचा हा रिव्ह्यू. आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार. एक कापला ३.० च्या स्पीडसाठी, अर्धा कापला लायसन्समधे करता आलं असतं ते केलं नाही म्हणून. ज्यांना फक्त निकाल पाहिजे होता ते इथूनच गेले तरी चालेल, पण ज्यांचं एखादं जीपीएलवालं (सुधारलेला कोडही त्याच अटींवर वाटा म्हणणाऱ्या लायसन्सचं) सॉफ्टवेअर आहे आणि ते अजून १.१.१ वर लटकलंय त्यांनी जरा थांबा.

१.१.१ चा फुकट सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ लाच संपला. त्यानंतरचे सिक्युरिटी पॅच फक्त पैसे भरणाऱ्यांना. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तर नोड १६ ची एक्स्पायरी अलीकडे ओढून बरोब्बर याच तारखेवर आणली, कारण त्याच्या पोटात १.१.१ होतं. तरीपण उबंटू २२.०४ वर जुना प्रोग्रॅम चालेना म्हणून २०.०४ ची लिबएसएसएल १.१ ची (म्हणजे जुन्या ओपनएसएसएलचीच) डेब इन्स्टॉल फाइल उचलून टाकणारे महाभाग अजून भेटतात, आणि वर "चालतंय की" म्हणतात. चालतंय रे बाबा, पण पॅच कोण देणार?

आमचं टूल छोटंच आहे. टेंडरच्या पीडीएफवर डीएससीच्या (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटच्या) यूएसबी टोकननं सही करायची, बाकी काही नाही. कोडचा भाग खरं सांगायचं तर वाटला होता तेवढा अवघड निघाला नाही. १.०.२ वरून १.१.० वर जाताना सगळी स्ट्रक्चर्स बंद पेटीत गेली होती (कोडला आत थेट हात घालता येईना) तेव्हा जो वैताग झाला तो ज्यांनी भोगलाय त्यांना हे काहीच वाटणार नाही. ३ मधे बहुतेक जुना कोड नुसता परत कंपाइल केला तरी चालतो, फक्त डेप्रिकेटेडच्या (अजून चालतं पण वापरू नका, अशा) वॉर्निंगा पानंच्या पानं येतात, कारण आरएसए, एईएस, शा या अल्गोरिदमांची खालच्या लेव्हलची जुनी फंक्शन्स आता नको म्हणतात, सगळं ईव्हीपी या वरच्या लेव्हलच्या फंक्शन्समधून करा असा आग्रह आहे. आग्रह योग्यच आहे. वॉर्निंगा दाबून टाकायचा फ्लॅग आहे पण तो लावून विसरून जाऊ नका.

खरी गंमत रनटाइमला. ३ मधे अल्गोरिदम प्रोव्हायडर नावाच्या वेगवेगळ्या मॉड्यूलमधे वाटलेत, आणि एमडी४, आरसी४, साधं डीईएस, आरसी२, ब्लोफिश ही म्हातारी मंडळी लेगसी नावाच्या प्रोव्हायडरमधे बसवलीत जो आपोआप लोड होत नाही. नोड १७ आल्यावर जावास्क्रिप्टच्या फायली एकत्र बांधणाऱ्या वेबपॅक ४ चे बिल्ड धडाधड फुटले ते यामुळेच, वेबपॅक हॅशसाठी (फाइलचा ठसा काढायला) एमडी४ वापरत होतं. जुन्या टूलनं एक्सपोर्ट केलेली पी१२ फाइल (सर्टिफिकेट आणि की एकत्र ठेवणारी) उघडत नाही याचंही कारण तेच, आत ४० बिटचं आरसी२ असतं. टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायचा प्रोटोकॉल) १.० आणि १.१ डिफॉल्ट सेटिंगला जोडतच नाही, आणि जुन्या पद्धतीचं रीनिगोशिएशन (चालू कनेक्शनवर अटी परत ठरवणं) करणारा सर्व्हर समोर आला की कनेक्शन सरळ नाकारतं. लोक लगेच सेकलेव्हल (सुरक्षेची किमान पातळी) शून्य करून मोकळे होतात. अरे ते फक्त त्या एका कनेक्शनपुरतं करा, अख्ख्या मशीनच्या कॉन्फिगमधे नको.

टोकनवाल्यांसाठी वेगळं दुखणं. पीकेसीएस ११ (टोकनशी बोलायचं स्टँडर्ड) आतापर्यंत इंजिनमधून (जुन्या प्लगइन पद्धतीतून) चालायचं आणि ३ मधे इंजिन डेप्रिकेट झालंय. चालतं अजून, पण पुढचा रस्ता प्रोव्हायडरचाच.

स्पीडबद्दल एकच सांगतो, ३.० मल्टिथ्रेडमधे (एकाच वेळी अनेक धाग्यांत काम चालताना) खरोखर मार खातं, एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरवाल्यांनी त्यावर जाहीर आणि सविस्तर टीका केलीये. पुढच्या व्हर्जनांत सुधारलंय बरंच. आपल्या कोडमधे अल्गोरिदम दर वेळी नावानं शोधण्यापेक्षा एकदाच फेच करून ठेवला तरी फरक पडतो.

आता लायसन्स. इथे बसून चहा घ्या, कारण वेळ इथेच जातो.

जुन्या ओपनएसएसएलला दोन लायसन्स एकदम लागू होती, ओपनएसएसएलचं आणि त्याच्या पूर्वजाचं, एसएसएलईचं. दोन्हीत जाहिरातीचं कलम, म्हणजे फीचरचा उल्लेख करणाऱ्या जाहिरातीत आमचं नाव छापा. जीपीएलला असली जादा अट चालत नाही. म्हणून वर्षानुवर्षं जीपीएलवाले प्रोजेक्ट लायसन्सखाली "ओपनएसएसएलशी लिंक करायला परवानगी" असं एक शेपूट जोडत आले. फेडोरा हे लिनक्स म्हणायचं ही सिस्टिम लायब्ररी आहे, तिला जीपीएलमधे सूट आहे, चालतंय. डेबियन हे दुसरं लिनक्स बरीच वर्षं म्हणत राहिलं, आम्ही दोन्ही एकत्रच वाटतो, मग सिस्टिम लायब्ररीची सूट आम्हाला कशी लागू होईल? शेवटी तेही नरमलं.

मग २०१७ मधे ओपनएसएसएलनं लायसन्स बदलायला घेतलं, जुन्या योगदान देणाऱ्यांना मेल गेले, आणि त्यात उत्तर नाही आलं तर हरकत नाही असं धरू असा सूर होता. त्यावर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाले भडकले, आणि माझ्या मते बरोबर भडकले, गप्प बसणं म्हणजे होकार हे कॉपीराइटमधे कुठून आलं? पण काम पुढे गेलं आणि ७ सप्टेंबर २०२१ ला ३.० आलं ते अपाची २.० या लायसन्सखाली. जाहिरातीची कटकट संपली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण अपाची २.० जमतं जीपीएल ३ शी. जीपीएल २ शी नाही, पेटंटच्या अटी आडव्या येतात, हे खुद्द जीपीएल लिहिणाऱ्या एफएसएफचं मत आहे. म्हणजे तुमच्या फायलीत "व्हर्जन २ किंवा त्यानंतरचं" लिहिलंय तर तुम्ही ३ खाली वाटून सुटता. "फक्त २" लिहिलं असेल तर अडकलात. आणि जुनी शेपटं बघा जरा नीट, बऱ्याच ठिकाणी ती "ओपनएसएसएल लायसन्सखालच्या" लायब्ररीपुरतीच लिहिलीयेत, आता ते लायसन्सच राहिलं नाही! माझा कापलेला अर्धा स्टार इथला. एलएलव्हीएम या कंपायलरवाल्यांनी अपाची घेताना जीपीएल २ साठी वेगळा अपवाद जोडला, प्रिंटिंगच्या कप्सनंही जोडला, ओपनएसएसएलनं नाही जोडला.

आमच्याकडे जवळपास सगळ्या फायली "किंवा त्यानंतरचं" वाल्या, पण बेस६४ ची एक फाइल कुठल्यातरी दुसऱ्या प्रोजेक्टमधून आलेली आणि तिच्या डोक्यावर "फक्त २". ती फेकून नव्यानं लिहिली. स्वस्तात सुटलो म्हणायचं, कारण ओपनव्हीपीएनचं बघा. त्यांचं जीपीएल २, शेपूट जुन्या ओपनएसएसएलचं, आणि दुसरा पर्याय एम्बेडटीएलएस लायब्ररी, तीही अपाचीवर गेलेली. त्यांनी २०२३ मधे नव्या कोडला अपाची लायब्ररीशी लिंक करायची परवानगी घातली, जुन्या लोकांना एकेक गाठून संमती घेतली, जिथे मिळाली नाही तिथला कोड काढला किंवा परत लिहिला, तेव्हा कुठे २०२४ मधे २.६.९ ला काम पूर्ण झालं. गप्प बसणाऱ्याचा होकार धरला नाही, याला म्हणतात रीत.

ओपनएसएसएलऐवजी दुसरी एखादी लायब्ररी घ्यावी का? लिबरएसएसएलवर जुनंच लायसन्स राहिलंय, त्यामुळे जीपीएलवाल्यांचा प्रश्न तिथे सुटत नाही. बोरिंगएसएसएल चांगली आहे पण गूगल स्वतःच सांगतं की बाहेरच्यांनी एपीआय (फंक्शन्सची नावं आणि वापर) स्थिर राहील असं धरू नका. वुल्फएसएसएल जीपीएल किंवा पैसे. "फक्त २" मधे खरंच अडकलेल्यांसाठी सगळ्यात सरळ वाट म्हणजे ग्नूटीएलएस, एलजीपीएल २.१ (जीपीएलचं सैल भावंड) आहे, फक्त एपीआय पूर्ण वेगळा, म्हणजे अपग्रेड नाही, अर्धं रीरायटच.

आणि नवीन म्हणजे सुरक्षित असंही नाही हं. नोव्हेंबर २०२२ मधे ३.०.७ घाईनं काढावं लागलं, सर्टिफिकेटमधल्या ईमेलच्या प्युनिकोडमधे (इंग्रजीबाहेरची अक्षरं लिहायची पद्धत) बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या मेमरीबाहेर लिहिलं जाणं) होता, आणि १.१.१ वाले त्यातून सुटले होते. ते तेव्हा खूप हसले. आता हसायला त्यांच्याकडे पॅच नाहीत.

शेवटचं, ३.० वर मुक्काम करू नका, त्याचा सपोर्ट ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतच. डिस्ट्रो देत असेल तर थेट ३.५ घ्या, एप्रिल २०२५ ची एलटीएस (लांब सपोर्टवाली) आहे, २०३० पर्यंत चालेल आणि एमएल-केईएमसारखं क्वांटम कॉम्प्युटरपुढेही टिकावं असं क्रिप्टोही त्यात आलंय. मेकफाइल उघडायच्या आधी सगळ्या फायलींच्या हेडरवर "फक्त २" साठी ग्रेप (शोधायची कमांड) मारा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.