साताऱ्यातली रविवारची प्रिंट बैठक: फोटो घेऊन जाच

कौतुक हवं असेल तर घरची माणसं आहेत, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. आपल्या फोटोत नेमकं काय जमलंय आणि काय निसटलंय हे कुणी नीट बघून सांगावं असं वाटत असेल, तर राजवाड्याच्या मागच्या बाजूला एका जुन्या फोटो लॅबच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा बैठक भरते, तिथे जा. मी मेडिकलचं दुकान चालवते, फोटो काढते ते सुट्टीच्या दिवशी, आणि गेली बरीच वर्षं या बैठकीला जाते. हौशी माणसाला याहून चांगली सेवा साताऱ्यात मला मिळालेली नाही.

मोबाइल दाखवून चालत नाही, ही पहिली अट. आठ बाय बारा इंचांची मॅट, म्हणजे बिनचकाकीची, प्रिंट आणायची. लॅबमध्येच काढून मिळते, बाहेरून आणली तरी हरकत नाही. मला ही अट पूर्णपणे पटते. मोबाइलवर बघणारा बोटाने फोटो पुढे सरकवतो; प्रिंट टेबलावर ठेवली की माणसं वाकून बघतात, कोपरेसुद्धा बघतात. शिवाय स्क्रीनचा उजेड जास्त ठेवून एडिटिंग केलेला फोटो कागदावर हमखास काळवंडतो, हे पहिल्याच प्रिंटमध्ये कळतं.

बैठकीची रीत अशी. ज्याचा फोटो आहे त्याने सुरुवातीला गप्प बसायचं. कुठे काढला, किती वाजता उठलो, लेन्स कुठली, काही सांगायचं नाही. बाकीचे आधी फक्त दिसतंय ते सांगतात: नजर पहिली कुठे गेली, मग कुठे वळली, कुठे अडकली. ‘छान’ आणि ‘वाईट’ हे दोन्ही शब्द या फेरीत वर्ज्य. मग फोटोवाला स्वतःला पडलेले प्रश्न विचारतो. त्यानंतर बाकीचे त्याला विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. ‘एवढं आकाश कशाला ठेवलंस?’ हे चालत नाही, ‘आकाशातून तुला काय दाखवायचं होतं?’ हे चालतं. आणि अगदी शेवटी, ‘क्रॉपबद्दल (फोटोच्या कडा कापण्याबद्दल) माझं एक मत आहे, सांगू का?’ असं विचारून मत. नको म्हणायचा हक्क फोटोवाल्याला असतो. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९०मध्ये कलाकारांसाठी अशीच चार टप्प्यांची पद्धत बांधली होती. लॅबचे काका तीच पद्धत फोटोंसाठी वापरतात, आणि ती फोटोंना चपखल बसते, कारण फोटो काढणाऱ्याला त्यात काय दिसतंय हे कळायला दुसऱ्याचे डोळेच लागतात. त्याला स्वतःला त्या दिवसाचा वारा, गर्दी, दमलेले पाय सगळं आठवत असतं. बघणाऱ्याकडे फक्त कागद असतो.

माझ्याच प्रिंटचं सांगते. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघते तेव्हा वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकरी, मधल्या मोकळ्या वाटेतून अश्व दौडत जातात, आणि ते गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात. मी तिथल्या दोन प्रिंट नेल्या होत्या. एकीत अश्व भर दौडीत, आयाळ उडालेली, सगळं लख्ख. दुसरीत तो उजव्या कडेने निघून चाललाय, शेपटी आणि मागचा एक पाय एवढाच उरलाय, आणि डावीकडून मातीकडे झेपावणारे हात.

पहिली प्रिंट बघून लोकांनी ‘घोडा’ म्हटलं आणि थांबले. दुसरीवर बराच वेळ गेला. एका बाईंची नजर आधी बांगड्यांच्या हातावर गेली, तिथून धुळीवर, आणि मग त्यांनी विचारलं, ‘एवढं काय उचलतायत?’ एका काकांची नजर उलट्या दिशेने, पायाकडून हाताकडे आली. माझी पाळी आल्यावर मी विचारलं की कडेचा अर्धवट अश्व ठेवू की कापून टाकू. लॅबच्या काकांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे आणले आणि प्रिंटवर सरकवत कडा झाकली. अश्व गेला आणि त्याबरोबर हातांचं कारणच गेलं. कुणी शेतात काहीतरी वेचतंय असं दिसायला लागलं. पुठ्ठा अर्धा बोट मागे घेतला, पाय परत आला आणि फोटोला अर्थ आला. कुणीही मला ‘ठेव’ किंवा ‘काप’ असं सांगितलं नाही. उत्तर टेबलावर सगळ्यांना दिसलं.

मग परवानगी घेऊन एकाने सांगितलं की टोप्या मळकट दिसतायत. हेही कारणासकट. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. चौकट पांढऱ्या टोप्यांनी आणि सदऱ्यांनी भरली की ते उजेड कमी करतं आणि पांढरं करडं होतं. ढगाळ आषाढात एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर ठेवून बघा, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या, अगदी पांढऱ्या कडेला आपटत नाही ना तेवढं तपासा, असा त्यांचा सल्ला होता. ‘थोडा ब्राइट हवा होता’ या शेऱ्यापेक्षा हे किती तरी उपयोगी आहे. पुढच्या वारीत मी तसं केलं आणि टोप्या पांढऱ्या आल्या.

कासच्या फोटोंना इथे एक प्रश्न हमखास येतो: काढताना तू कुठे होतास? पठार पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आणि फुलं तुडवून काढलेल्या फोटोचं कौतुक करायचं नाही हे बैठकीचं धोरण मला मोलाचं वाटतं. मात्र प्रश्न आरोपासारखा विचारला जात नाही. कॉलेजातल्या एका मुलाने तेरड्याचा गुलाबी गालिचा आणला होता, जमिनीलगतून, पुढची फुलं धूसर आणि मागे ढग उतरलेले. त्याने सांगितलं की तो पायवाटेवरच पालथा झोपला होता आणि फोन उलटा धरला होता, म्हणजे लेन्स खाली येऊन जमिनीला टेकते. त्या दिवशी अनुभवी मंडळींनी त्याची युक्ती वहीत लिहून घेतली.

वहीचं विसरले. ऐकताना उत्तर द्यायचं नाही, लिहायचं, हा आग्रह काका सगळ्यांना करतात. माणूस स्वतःचा बचाव करायला लागला की पुढचं ऐकूच येत नाही, आणि समोरचाही सावध होऊन गोड बोलायला लागतो. हात लिहिण्यात गुंतले की हे आपोआप टळतं. घरी जाऊन वाचताना तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागेवर बोट ठेवलेलं दिसलं, तर तिथे काम करायचं. एकानेच म्हटलेलं मी महिनाभर तसंच ठेवते.

आता तक्रारी. पावसाळ्यात गर्दी वाढते, तेव्हा रीत ढिली पडते आणि स्पर्धांमध्ये मुरलेले एक-दोन ज्येष्ठ पहिल्याच फेरीत निकाल द्यायला लागतात: विषय चौकटीच्या एक तृतीयांशावर हवा, डोळा शार्प हवा, क्षितिज मध्यात नको. नियम खोटे नाहीत, पण चौकटीत काय आहे हे बघण्याआधी ते लावले की नवीन मुलं आक्रसतात. काकांनी तिथे ठामपणे थांबवायला हवं, ते भिडेखातर थांबवत नाहीत. मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या प्रिंट शेवटी घेतल्या जातात आणि तोवर सगळ्यांना जेवणाची घाई असते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा असं मी सुचवलंय. रंग नीट दिसावेत म्हणून लावलेला पाच हजार केल्विनचा, दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा दिवा एकाच टेबलावर आहे, दुसऱ्या टेबलावरच्या ट्यूबखाली त्वचा हिरवट दिसते. जिना अरुंद आणि चढा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी कळवलं तर काका खाली दुकानातच टेबल मांडतात.

शुल्क शंभर रुपये, चहासकट, प्रिंटचे पैसे वेगळे. एका माणसाने दोनच प्रिंट आणाव्यात. त्यातली एक तरी अशी आणा, जिच्याबद्दल तुम्हाला स्वतःला काही ठरवता येत नाहीये. सगळ्यांनी वाखाणलेला फोटो आणला तर विचारायला तुमच्याकडे प्रश्नच नसतो, आणि प्रश्नांची फेरी हीच इथली सगळ्यात कामाची फेरी आहे. दहाच्या आधी पोहोचा, म्हणजे चांगल्या दिव्याचं टेबल मिळेल.