18 व्होल्टचा कॉर्डलेस ड्रिल अन् ग्राइंडर, दिवाळीपासून वापरायलो: बॅटरीचा अनुभव

दिवाळीत ड्रिल घेतला, सोबत त्याच बॅटरीवर चालणारा 4 इंची ग्राइंडर, आता जून लागला. मी परभणीकडं शेतातली कामं करतो, गोठ्याचे पत्रे, गेट, ड्रिपची फिटिंग असलं सगळं, अन् शेतात लाईट कवा येईल कवा जाईल भरवसा नाही म्हणून कॉर्डलेस घेतलं. मशिनी चांगल्या आहेत, पण लिहायचंय ते बॅटरीबद्दल, कारण खरे पैसे तिथंच जातात अन् दुकानात तेच कुणी नीट सांगत नाही.

माझ्याकडं बॅटऱ्या दोन, एक 2 एएचची अन् एक 4 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). मला वाटायचं मोठी म्हणजे फक्त दुप्पट टाईम चालंल. ग्राइंडरवर 2 एएचची लावून 40 एमएमचा लोखंडी अँगल कापायला घेतला की अर्ध्यातच मशिन बंद पडायची, चार-पाच दिवस मी ग्राइंडरच खराब आला म्हणून बसलो होतो. मग 4 एएचची लावली अन् तोच अँगल सरळ कापला. कारण असं, 18 व्होल्टच्या पॅकमदी 3.6 व्होल्टचे 5 सेल एकामागं एक जोडलेले असतात, माझ्या लहान बॅटरीत अशी एकच ओळ आहे अन् मोठीत दोन, म्हणजे 10 सेल. ग्राइंडर करंट लई ओढतो, तो दोन ओळीत वाटला गेला की सेल कमी तापतात अन् लोडवर व्होल्टेज एकदम पडत नाही.

हिशोब सोपाय, व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-अवर. 18 गुणिले 4, 72. ग्राइंडर सलग 500 वॅट ओढायला लागला तर 8-9 मिनिटात खेळ खल्लास, म्हणून दिवसभर कापायचं असंल तर वायरवालाच बरा, हे मी मनापासून सांगायलो. पत्र्याचे स्क्रू मारायला मात्र 2 एएचचीच लावतो, शिडीवर हात वर करून तासभर काम केलं की मोठ्या बॅटरीचं वजन खांद्याला कळतं.

अजून एक, डब्यावरच्या व्होल्टला भुलू नका. 18, 20 मॅक्स, 21 हे बहुतेक वेळा तेच 5 सेल असतात, फुल चार्जला एक सेल 4.2 ला जातो म्हणून 21. चुलतभावानं 48 लिहिलेला सेट आणला होता, फुल चार्ज करून मीटर लावला तर 20.8, खोलला तर आत 5 सेल. त्याचे पैसे गेले ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

उन्हाळ्यात लई जपावं लागलं. एप्रिल-मे मधी पत्र्याखाली काम करून गरम झालेली बॅटरी चार्जरला लावली की चार्जर घेतच नव्हता, लाईट नुसती लुकलुकायची. लिथियमला साधारण 45 डिग्रीच्या वर चार्जिंग चालत नाही अन् आमच्याकडं बाहेरच 42-43 असतं. आता अर्धा तास सावलीत ठेवून मगच लावतो, गाडीच्या डिकीत तर ठेवतच नाही.

सोबत आलेला चार्जर 2 अँपिअरचा आहे, 4 एएचला दोन तासाच्या वर लागतात, लाईट तेवढा वेळ टिकली तर. पेरणी उरकली की दुसरी 4 एएच घेणार, अन् तिच्यासंगं फास्ट चार्जर.