एपी रिसर्च: मार्क नक्की कशाला मिळतात?

आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलीने कॉलेज बोर्डाचा एपी रिसर्च केला (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स; याच्या आधी एपी सेमिनार करावाच लागतो). ग्रुपवर सारखं विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते.

मे महिन्यात लेखी परीक्षा वगैरे काही नाही. 4000 ते 5000 शब्दांचा पेपर, त्याला 75 टक्के, आणि प्रेझेंटेशन अधिक तोंडी डिफेन्स मिळून 25. पेपर बाहेरचे लोक तपासतात, प्रेझेंटेशनचे मार्क मात्र शाळेतल्याच टीचर देतात, पॅनेलवर त्या धरून तिघं. सगळं 30 एप्रिलपर्यंत सबमिट करायचं.

रुब्रिक, म्हणजे मार्क कशाला किती हे सांगणारा तक्ता, आधी वाचा, प्लीज! आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे माहिती गोळा करा, चित्रं चिकटवा, वहीला कव्हर घाला. इथे नुसती माहिती कितीही छान लिहा, 5 पैकी 1च मिळतो. वरवरची मेथड जोडली तर 2 मिळतात. आधीच्या संशोधनात कुठे गॅप आहे, आपण हीच मेथड का घेतली, त्यातून नवीन काय कळलं हे पटवून दिलं तर कुठे 4-5. हिने रविवारच्या मराठी शाळेतून मुलं मध्येच का गळतात यावर सर्व्हे घेतला, मुलं अठराच्या आतली म्हणून आधी रिव्ह्यू बोर्डाची (माणसांवरचं संशोधन नीट होतंय ना हे बघणारी समिती) मंजुरी, मग पालकांच्या सह्या, व्हॉट्सॅपवर मागे लागून लागून नाकी नऊ आले आणि एवढं करून फॉर्म आले मूठभर. पण सॅम्पल लहान आहे, यावरून सगळ्या मुलांबद्दल बोलता येणार नाही हे तिने लिमिटेशन्समध्ये सरळ लिहिलं. रुब्रिकला तेच हवं असतं. डिफेन्सलाही तीन-चारच प्रश्न, पण पाठांतर करून गेलात तर तिथेच उघडं पडतं.

न आवडलेलं म्हणजे वर्षभर भरायचा तो प्रोसेस पोर्टफोलिओ (काम कसं होत गेलं त्याची नोंदवही), त्याला कॉलेज बोर्डाचे मार्कच नाहीत, आणि जुलैत हातात येतो फक्त 1 ते 5 मधला एक आकडा. हिला 4 आला. 5 का नाही, ते देवाला ठाऊक.

आणि हो, पेपर पॉलिश करून देतो म्हणणाऱ्या कोचिंगवाल्यांच्या नादी लागू नका. मध्ये चेकपॉइंट असतात, काम स्वतःचंच आहे हे तिथे टीचरना दिसावं लागतं, ते पूर्ण केले नाहीत तर त्या भागाला थेट शून्य.