'टोचते' म्हणून परत पाठवू नका : काळ्या हातमाग घोंगडीबद्दल

या घोंगडीबद्दल लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचूनच मी ती मागवली. 'टोचते', 'आंबूस वास येतो', 'उलगडताना कडक लागते'. म्हटलं, माल खरा दिसतोय. चार तारे देते आहे. पाचवा का ठेवून घेतला, ते पुढे येईलच.

मी सांगोल्याकडची, सनगराच्या, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांच्या घरातली. माझे आजोबा, आबा, हातपाय चालत होते तोवर खड्डामागावर बसले. त्यामुळे घोंगडी हातात आली की मी आधी ती तपासते, मग पांघरते.

रंग मेंढीचाच काळा, वरून दिलेला नाही. लांबी नऊ फूट, वजन दोन किलोच्या पुढे, किंमत २,८०० रुपये. वास येतो तो चिंचोक्याच्या खळीचा. चिंचोके कुटून, शिजवून केलेली खळ कुंच्याने ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला चोळतात, त्याशिवाय हातानं कातलेलं लोकरीचं सूत मागावरचा ओढा सोसत नाही. कडकपणाही तिचाच. एक-दोनदा गार पाण्यातून काढा, उन्हात टाका, दोन्ही जातं. टोचणं मात्र राहणार. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडीच असते. ज्यांना चालत नाही त्यांनी मधे चादर घ्यावी, तान्ह्या बाळाला तर थेट पांघरूच नये.

कडेचं एक सूत ओढून जाळून पाहिलं. केस जळल्याचा वास आला, राख बोटांत चुरली. प्लास्टिकसारखा गोळा झाला असता तर त्याच दिवशी परत केली असती. बाजारात घोंगडी म्हणून जे मऊ आणि स्वस्त खपतं, त्यातलं पुष्कळसं जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पानिपतला केलेलं ब्लँकेट असतं. ब्लँकेट म्हणून ते वाईट नाही. घोंगडी म्हणून विकू नये एवढंच.

आता पाचवा तारा. दोन खुर्च्यांवर घोंगडी ताणली आणि मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. आबांच्या घोंगडीवर ते बराच वेळ नुसतं साचून राहायचं. इथे लवकरच खाली टपकायला लागलं. सूत चांगलं आहे, पिंजणंही चांगलं झालंय, पण विणताना ठोका, म्हणजे आडवं सूत घट्ट बसवणारा मार, कमी पडलाय.

आबांचा ठोका हरिपाठाच्या चालीवर पडायचा. गळ्यात तुळशीची माळ, पाय खड्ड्यात, आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आणि तोंडाने अभंग. सूत तुटलं की अभंग तिथेच थांबायचा. गाठ मारून झाली की तेच चरण पुन्हा पहिल्यापासून. सूत कातून देणारी आज्जी वैतागायची, "यांना जरा हात उचला म्हणावं तर देव आडवा येतो!" पंढरपूर आमच्यापासून जेमतेम ३०-३५ किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला माग बंद. पावसात भिजलेला एखादा वारकरी दारात आला की आबा त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकायचे आणि पैसे पुढच्या वारीला द्या म्हणायचे. त्यातले किती आले ते आज्जीला पाठ होतं, आबांना नाही. धंद्यात ते कच्चेच.

कामात मात्र नाही. एकदा रविवारच्या सांगोला बाजारातला एक व्यापारी सांगत होता, लोकरीत थोडं गिरणीचं सूत मिसळा, कोण बघतंय. आबा म्हणाले, "कोण खंडोबाच्या जागरणाला अंथरंल, कोण बाळंतिणीखाली घालंल. त्यास्नी काय ठावं आत काय हाय? मला ठावं असंल की." त्या दिवशी माल तसाच घरी आला. आज्जी रात्रभर बोलत होती, आणि खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं. घरात आम्ही नातवंडं धरून खाणारी तोंडं बरीच होती.

किंमत जास्त आहे का? मला नाही वाटत. मटणाला भाव आल्यापासून आमच्याकडचे मेंढपाळ दख्खनी मेंढ्यांवर माडग्याळ या मटणाच्या जातीचा नर घालतात. जनावर मोठं होतं, लोकर जाते. जी निघते तिच्यात कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून पुष्कळ जण ती टाकून देतात. चांगली लोकर शोधणं, पिंजणं, कातणं, मग विणणं, हे सगळं २,८०० रुपयांत बसवणाऱ्याच्या हाती काय उरत असेल याचा हिशेब करून बघा.

वॉशिंग मशीन आणि गरम पाणी नको, लोकर आटून नमद्यासारखी घट्ट, जाड होते. पावसाळा संपला की कडक ऊन द्या आणि ठेवताना घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कसर लागते.

विकणाऱ्यांना एक सांगणं आहे. सोबतच्या गुळगुळीत कार्डावर 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे छापलंय, त्याऐवजी विणकराचं नाव आणि गाव छापा. मला दुसरी घोंगडी त्याच्याचकडून हवी आहे, ठोका घट्ट करून. पाचशे रुपये जास्त लावले तरी चालतील, फक्त ते त्याच्या हातात पडू देत.