जुन्या ट्रकचे निदान : आडगाव परिसरातील एका गॅरेजबद्दल

नाशिक भागातील शेतमाल मुंबईकडे नेण्यासाठी आम्ही एक जुना सहाचाकी ट्रक विकत घेतला. तो भारत स्टेज चार या प्रदूषण-मानकाचा आहे. त्यात कॉमन रेल इंजिन (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारे) आणि ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) आहे. गाडीत दोष आहेत हे व्यवहाराच्या वेळीच उघड होते आणि किंमतही त्याप्रमाणे उतरवून घेतली होती. सकाळी गाडी लवकर सुरू होत नसे, भरलेल्या गाडीला घाट चढताना ओढ राहत नसे आणि काळा धूर निघे. ब्रेकची हवा भरायला फार वेळ लागे, इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफ जोरात बाहेर येई आणि ताशी पन्नासच्या आसपास केबिन थरथरत असे. विक्रेत्याच्या मिस्त्रींचे मत होते की इंजिन खोलून रिंग-पिस्टनचे काम करावेच लागेल. दुसऱ्या एका ठिकाणी डिझेल पंप आणि सर्व इंजेक्टर बदलण्याचा अंदाज मिळाला होता. दोन्ही खर्च एकत्र केले असते, तर किमतीत मिळालेली सवलत त्यातच संपली असती. म्हणून दुरुस्तीआधी केवळ निदान करून घ्यावे या हेतूने आम्ही आडगावजवळ मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका गॅरेजात गेलो. तेथील कामाची पद्धत इतर ट्रकमालकांपर्यंत पोहोचावी असे मनापासून वाटते.

या गॅरेजची पहिली अट अशी की गाडी आदल्या संध्याकाळी आणून उभी करावी आणि सकाळी मिस्त्री येईपर्यंत कोणीही स्टार्टरला हात लावू नये. जुन्या डिझेल इंजिनाचे बरेचसे दोष ते थंड असतानाच दिसतात आणि एकदा गरम झाले की झाकले जातात, त्यामुळे ही अट अत्यंत योग्य आहे. सकाळी प्रथम रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का हे पाहिले गेले, नंतर डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झाले आहे का हे तपासले गेले. दोन्ही ठिकाणी काही आढळले नाही, म्हणजे हेड गॅसकेटवर (इंजिनातील पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणाऱ्या पट्टीवर) संशय घेण्यास तूर्त कारण उरले नाही. त्यानंतर फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा बसवून इंजिन फिरवले, तेव्हा त्या नळीतून डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे सरकताना आम्हाला स्पष्ट दिसले. फिल्टरच्या डोक्यावर असलेल्या हातपंपाचे सील झिजले होते. तेथून रात्रभर हवा आत शिरे, नळीतील डिझेल टाकीकडे परत उतरे आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागे. एवढ्या स्वस्त भागासाठी बॅटऱ्या आणि स्टार्टर बदलणारे मालक आम्ही पाहिले आहेत.

ईसीएममधील नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्यावर रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा फॉल्ट कोड निघाला. याच कोडच्या आधारे आम्हाला आधी पंप आणि इंजेक्टर बदलण्यास सांगण्यात आले होते. येथील मिस्त्रींनी मात्र शांतपणे समजावून सांगितले की हा कोड दाब कमी असल्याचे कळवतो, तो कोणत्या भागामुळे कमी झाला हे कळवत नाही. चोंदलेला फिल्टर, नळीतील हवा, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह, थकलेला पंप किंवा आतून गळणारा इंजेक्टर यांपैकी कोणत्याही कारणाने तोच कोड येऊ शकतो. हवेची गळती बंद करून कोड पुसला, तरी भरलेल्या गाडीच्या फेरीनंतर तो पुन्हा आला. मग प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक पारदर्शक बाटली जोडून इंजिन ठरावीक वेळ चालवण्यात आले. एक बाटली इतरांच्या कितीतरी पट भरली आणि बाकीच्या जवळजवळ सारख्या राहिल्या. तेवढा एकच इंजेक्टर काढून डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवला गेला. पंप निर्दोष होता आणि त्याला कोणी हात लावला नाही.

या गॅरेजची खरी योग्यता मात्र ब्रीदरच्या तपासणीत दिसली. ब्रीदरमधून जोरात हवा येणे म्हणजे इंजिनच्या पिस्टनच्या रिंगा गेल्या, असा सर्वसाधारण समज आहे आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु एअर ब्रेकच्या गाडीत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला वंगण इंजिनच्याच ऑइलचे मिळते आणि ते ऑइल परत इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या कोठीत, उतरते. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या, तर दाबलेली हवा त्याच वाटेने चेंबरमध्ये शिरते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते, त्यामुळे दोष कॉम्प्रेसरचा असूनही इंजिन संपल्यासारखे भासते. मिस्त्रींनी हवेच्या टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या, इंजिन एका ठरलेल्या वेगावर ठेवले आणि हवा भरत असताना ब्रीदरवर हात धरायला लावला. झोत जोरदार होता. काट्याने पूर्ण दाब दाखवला, एअर ड्रायरने (हवेतील ओलावा काढणाऱ्या भागाने) फुस्स करून हवा सोडली, म्हणजे कॉम्प्रेसरवरचा भार सुटला आणि त्याच क्षणी ब्रीदरचा झोत लक्षणीय कमी झाला. ब्रेक दाबून दाब उतरवला की झोत पुन्हा वाढे. इंजिनच्या रिंगांना ब्रेकच्या हवेशी काही देणेघेणे नसते, त्यामुळे हा पुरावा निर्णायक होता. टाक्यांच्या ड्रेनमधून पाण्याबरोबर काळे ऑइल येणे आणि हवा भरायला वेळ लागणे या दोन्ही तक्रारी याच कारणाशी जुळत होत्या. इतके झाल्यावरही मिस्त्री थांबले नाहीत. त्यांनी स्टार्टरने इंजिन फिरवत स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचे तुलनात्मक कॉम्प्रेशन पाहिले आणि ते सारखे असल्याची खात्री केल्यावरच इंजिन खोलू नका, कॉम्प्रेसर नव्या रिंगा घालून दुरुस्त करून घ्या, असे सांगितले. कॉम्प्रेसरपासून निघणारी नळीही आतून कार्बनने अर्धी बुजलेली निघाली, ती बदलली नसती तर नव्या रिंगाही लवकर गेल्या असत्या.

काळ्या धुराचा उगम इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणाऱ्या भागाच्या, होजमध्ये सापडला. हवेची वाट एका टोकाला बंद करून त्यात बेताचा दाब भरला आणि साबणाचे पाणी फवारले, तेव्हा क्लिपखाली दडलेल्या चिरेतून फेस उसळला. रिकाम्या गाडीत ही चीर जवळजवळ बंद राहते, भरलेली गाडी घाटाला लागून टर्बोचा दाब वाढला की ती उघडते, इंजिनला हवा अपुरी पडते आणि अर्धवट जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. त्यामुळे रिकाम्या गाडीच्या फेरीवरून निदान करणे व्यर्थ आहे, हे येथे आग्रहाने सांगितले जाते आणि तपासणीसाठी गाडी भारासह आणण्याची सूचना केली जाते.

थरथरीचे कारण प्रोपेलर शाफ्टमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यात, होते. क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि मधले बेअरिंग चांगले होते, पण शाफ्ट पूर्वी कधीतरी सोडवून बसवताना त्यावरच्या बाणांच्या खुणा समोरासमोर आणल्या गेल्या नव्हत्या. योग्य खुणेवर शाफ्ट बसवल्यावर थरथर गेली. पुढचा एक्सल उचलून चाक वरखाली हलवून किंगपिनचा (पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खिळीचा) खेळ पाहिला, सस्पेन्शनच्या पाट्यांचे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि शॅकल पाहिले, चेसिसवर पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ तडा किंवा नंतर केलेले वेल्डिंग आहे का तेही ब्रशने माती काढून तपासले. मागच्या ब्रेकच्या स्प्रिंग चेंबरला हात लावण्याआधी चाकांना ठोकळे लावण्याची काळजी प्रत्येक वेळी घेतली गेली. त्या चेंबरमधील दाबलेली स्प्रिंग जीवघेणी असते आणि तेथे तो चेंबर खोलला जात नाही, पूर्ण बदलला जातो.

काही उणिवाही सांगणे आवश्यक आहे. आमच्या इंजिनात नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावर छापलेला कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, ती सोय येथील स्कॅनरमध्ये नसल्याने गाडी कंपनीच्या अधिकृत केंद्रात न्यावी लागली. तपासणीचा अहवाल वहीच्या कागदावर हाताने लिहून मिळतो. त्यात निष्कर्ष स्पष्ट असतात, पण मोजमापे सगळी नसतात. प्रत्येक बाटलीत किती डिझेल आले आणि पूर्ण दाब येण्यास किती वेळ लागला हे आकडे लिहून मिळाले, तर पुढच्या वर्षी तुलना करता येईल. विजेच्या कामासाठी वायरमन बाहेरून बोलावला जातो आणि त्याची वाट पाहण्यात वेळ जातो. क्राऊन-पिनियनचा (मागच्या एक्सलमधील गिअरचा) आवाज तपासताना हाउसिंगमधील ऑइल काढून पाहिले गेले नाही, ते आम्हाला मागून सांगावे लागले. आवाज दाबण्यासाठी विक्रीपूर्वी जाड ऑइल भरण्याची लबाडी या व्यवसायात जुनीच आहे, त्यामुळे ही पायरी त्यांच्या नेहमीच्या क्रमात असायला हवी.

निदानाचे शुल्क दुरुस्तीपासून वेगळे घेतले जाते आणि दुरुस्ती दुसरीकडे करायची असली, तरी अहवाल विनातक्रार दिला जातो. काहींना हे शुल्क अनाठायी वाटेल, पण सुटे भाग विकण्यातूनच ज्याची कमाई होते, त्याच्याकडून भाग बदलू नका हे ऐकायला मिळणे कठीण असते, म्हणून मला ही रचना अधिक प्रामाणिक वाटते. काढलेला प्रत्येक भाग मालकाच्या हातात दिला जातो. तपासणी चालू असताना ड्रायव्हरला सोबत थांबू द्यावे अशी विनंती मी जाणाऱ्यांना करीन, कारण कोणत्या गिअरमध्ये, किती भारावर आणि चढाच्या कोणत्या टप्प्यावर गाडी मार खाते हे तोच नेमके सांगू शकतो आणि येथील मिस्त्री त्याचे म्हणणे लक्ष देऊन ऐकतात. कांद्याच्या हंगामात येथे गर्दी असते, त्यामुळे फोन करून दिवस ठरवावा आणि गाडी उभी करण्यापूर्वी टाकीत पुरेसे डिझेल ठेवावे.